गाइडचे काम

चाकणचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारींचे कारखाने उभे राहतात. पुणे-नाशिक रस्त्यावर मालमोटारींची रांग लागलेली असते. पण याच गावात एक जुना भुईकोट किल्ला आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. त्याचा तट बराचसा ढासळला आहे. कोणी बोट दाखवून सांगितले नाही, तर जवळून जाणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

असे बोट दाखवून सांगणारा माणूस म्हणजे पर्यटन मार्गदर्शक. लोक त्याला 'गाइड' म्हणतात. चार गोष्टी पाठ केल्या आणि आवाज खणखणीत असला, की कोणीही गाइड होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकात पैसे घेऊन पाहुण्यांना फिरवायचे असेल, तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. हा नियम 1959 सालचा आहे. शिवनेरी किल्ला आणि कार्ल्याची लेणी ही अशीच संरक्षित स्मारके आहेत.

हे काम शिकावे लागते. पर्यटन व प्रवास व्यवस्थापन शिकवणारी सरकारी संस्था 1983 मध्ये स्थापन झाली. ती आता ग्वाल्हेरला आहे. तिने अनेक गाइडांना प्रशिक्षण दिले आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने घरी बसून संगणकावर शिकता येईल असा अभ्यासक्रमही काढला. अशा अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा असते. त्यात उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते.

गाइडला काय काय यावे लागते? सगळे जमल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही, अशा जागी त्यांना उभे करायचे. म्हातारी माणसे मागे राहत नाहीत ना, हे पाहायचे. कोरीव कामाला कोणाला हात लावू द्यायचा नाही. कोणाला घेरी आली, तर प्रथमोपचार करता आले पाहिजेत. ही कामे लहान वाटतात. पण ती न जमणाऱ्याचे पांडित्य उन्हात कोण ऐकणार?

मात्र सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. कागदोपत्री असलेली हकिगत कोणती आणि ऐकीव गोष्ट कोणती, हे गाइडने वेगळे ठेवले पाहिजे. संग्रामदुर्गाचेच उदाहरण घ्या. 1660 मध्ये मुघल सरदार शाइस्ताखानाने या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होता. थोड्या शिबंदीनिशी त्याने सुमारे दोन महिने किल्ला लढवला. शेवटी मुघलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला आणि किल्ला घेतला. मुघलांनी त्याचे नाव इस्लामाबाद ठेवले. फिरंगोजीचे शौर्य पाहून खानाने त्याला आपल्याकडे चाकरी देऊ केली. पण त्याने ती नाकारली, असे सांगतात. येथे 'असे सांगतात' हे दोन शब्द चांगला गाइड गाळत नाही. ऐकणाऱ्यांत कोणी मराठा असेल, कोणी मुसलमान असेल. कोणाला बरे वाटावे म्हणून तो गोष्ट वाढवत नाही आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून लपवतही नाही.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. किल्ला, बुरूज, खंदक, दरवाजा हे मराठी शब्द तुम्हांला नवे वाटले का? ते अरबी-फारसीतूनच मराठीत आले आहेत. पुणे जिल्ह्यात बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मुघल अशा अनेक राजवटी झाल्या. त्या काळातील पुष्कळ शिलालेख फारसीत आहेत. बहुतेक पाहुणे त्यांपुढून नुसते निघून जातात. तुम्हांला ती अक्षरे ओळखीची आहेत. फारसी भाषा आणि जुने वळण मात्र शिकावे लागेल. काही लेखांत साल आकड्यांत नसते; ते अक्षरांत दडवलेले असते. अलिफचा 1, बेचे 2, जीमचे 3, दालचे 4, अशी अब्जदची मोजणी करून ते काढतात.

हिजरी साल मिळाले, की इसवी सन काढायचा. त्याची सोपी रीत अशी: दर शंभरामागे तीन वजा करा आणि 622 मिळवा. 1070 मधून 32 गेले, उरले 1038. त्यात 622 मिळवले, की 1660 येतात. म्हणजे चाकणच्या वेढ्याचेच साल! एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिनाही पाहावा.

दर वर्षी 21 फेब्रुवारीला जगभर पर्यटन मार्गदर्शक दिन पाळतात. ही प्रथा 1990 पासून आहे. त्या दिवशी अनेक शहरांतले गाइड आपल्याच गावच्या लोकांना विनामूल्य फिरवून आणतात. एरवी ते दूरदूरच्या पाहुण्यांना गाव दाखवतात. गावच्या माणसांनी मात्र ते पाहिलेलेच नसते.