हलत्या हाताचे स्थिर छायाचित्र

अजिंठ्याच्या लेण्यांत पाऊल टाकताच बाहेरच्या उन्हाला सरावलेल्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. भित्तिचित्रांना अपाय होऊ नये म्हणून तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ट्रायपॉड लावावयाचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अशा मंद प्रकाशात कॅमेरा हाती धरून घेतलेले छायाचित्र पुष्कळदा धूसर येते. दोष भिंगाचा नसतो. हात हललेला असतो. या दोषाचे निवारण करण्यासाठी भिंगातच बसविलेली यंत्रणा म्हणजे प्रतिमा-स्थिरीकरण.

धूसरपणाचे कारण

प्रकाश कमी असला म्हणजे कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. मनुष्याच्या हाताला स्वभावतःच सूक्ष्म कंप असतो. एरवी तो जाणवत नाही; परंतु भिंगाचे नाभीय अंतर जितके मोठे, तितका त्याचा परिणाम वाढतो. कॅमेरा एका अंशाच्या केवळ दहाव्या भागाइतका कलला, तर ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून पडणारी दूरच्या वस्तूची प्रतिमा सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून तीच अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते. म्हणूनच ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळापासून छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे : ३०० मिलिमीटरचे भिंग हाती धरून वापरताना शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागाहून अधिक वेळ उघडे राहू नये.

यंत्रणेचे कार्य

भिंगाच्या नळीत जायरोस्कोपच्या जातीचे दोन संवेदक असतात. एक वर-खाली होणारा कल टिपतो, तर दुसरा डावी-उजवीकडे होणारा. ही माहिती लगोलग एका सूक्ष्म संगणकाकडे जाते. त्याच्या आज्ञेनुसार भिंगांचा एक लहान गट विद्युतचुंबकाच्या साहाय्याने आडवा वा उभा सरकतो आणि ढळू पाहणारी प्रतिमा जागच्या जागी राखतो. हे कार्य एका सेकंदात असंख्य वेळा घडते.

एकाच कॅमेऱ्यावर निरनिराळी भिंगे बदलून लावता येतात, अशा कॅमेऱ्यांसाठी ही सोय असलेले पहिले भिंग जपानच्या कॅनन कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणले. त्याचे नाभीय अंतर ७५ ते ३०० मिलिमीटर होते आणि त्याचा लाभ दोन 'स्टॉप' इतका सांगितला गेला. एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट. आजच्या भिंगांत चार स्टॉपचा लाभ सामान्य झाला आहे, म्हणजे वेळ सोळापट मिळतो. काही कॅमेऱ्यांत भिंगाऐवजी प्रतिमा टिपणारा संवेदकच हलविला जातो. अनेक मोबाइल फोनमध्येही ही सोय आहे.

यंत्रणेची मर्यादा

ही यंत्रणा हाताचा कंप निवारते, चित्रविषयाची हालचाल नव्हे. भिंतीवरील चित्र अचल असते, म्हणून तेथे तिचा पूर्ण लाभ होतो. शाळेच्या पटांगणावर लेझीम खेळणारी मुले मात्र धूसरच येतील. तेथे शटरचा वेळच कमी करावा लागतो. कॅमेरा ट्रायपॉडवर बसविला असता काही भिंगांत, विशेषतः जुन्या बनावटीच्या, ही यंत्रणा बंद ठेवणे इष्ट असते. अन्यथा तिच्याच हालचालीने प्रतिमा ढळू शकते.

नोंदीचे मोल

गावच्या वेशीवरील वीरगळ, मंदिरातील शिलालेख, जीर्ण दप्तरातील कागद यांचे छायाचित्र ही एक नोंद असते. मूळ वस्तू झिजत जाते. उद्या तीच छायाचित्रे अभ्यासकांच्या उपयोगी पडावयाची असतात. अक्षरे धूसर आली तर तो श्रम वाया जातो. म्हणून यंत्रणा असो वा नसो, कोपरे अंगाशी टेकवावीत, खांबाचा वा भिंतीचा आधार घ्यावा, श्वास सोडून बटण हळुवार दाबावे. आणि जागा सोडण्यापूर्वी छायाचित्र मोठे करून अक्षरे वाचता येतात की नाही, हे अवश्य पाहावे.