हुमणीसाठी जिवंत औषध: आषाढ-श्रावणातली कामं

मका गुडघाभर झाला आणि ओळीतली चार-पाच झाडं एकापाठोपाठ पिवळी पडली, तर लगेच युरियाची गोणी फोडू नका. सुकणारं झाड धरून ओढा. मुळं न येता ते सहज हातात आलं, तर खुरप्यानं वीतभर माती उकरून पाहा. अर्धगोल वळलेली, पिवळट-तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली की ती हुमणी समजा. भुईमूग, ज्वारी, ऊस, कपाशी, कशाचीच मुळं ती सोडत नाही.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी मात्र हुमणी नसते. ती सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर पडून सरपटत निघाली, तर ती कुजकं खाणारी निरुपद्रवी अळी आहे, तिला सोडून द्या.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात टाकले असते, तर निम्मं काम झालं असतं. ते राहिलं असेल, तर एकेका मादीची साधारण 60 अंडी आता तुमच्या वावरात आहेत. हुमणीची वर्षाला पिढी एकच, पण अळी पाच-सहा महिने मुळं खाते. पहिले दीड-दोन महिने ती लहान असते. पुढे जाडजूड झाली की कोणत्याच औषधाला लवकर दाद देत नाही. म्हणून जुलै ते ऑगस्टचा मध्य हातचा घालवू नका.

या काळात कीडभक्षी सूत्रकृमी वापरता येतात. सूत्रकृमी म्हटलं की डाळिंब-वांगीवाल्यांना मुळांवरच्या गाठी आठवतात, ते साहजिकच आहे. पण ही जात वेगळी, तिला मुळांशी देणंघेणं नाही. नाव हेटेरोऱ्हॅबडिटिस इंडिका. 1992 साली कोइमतूरच्या उसातल्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. तिची पिल्लं अर्ध्या मिलिमीटरची. हुमणीच्या तोंडातून, गुदद्वारातून, श्वासछिद्रांतून ती आत शिरतात आणि पोटात जपून आणलेले फोटोऱ्हॅबडस नावाचे जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. मारण्याचं मुख्य काम या जिवाणूंचं. लहान अळी दोन-तीन दिवसांत मरते. तिचं शरीर पचवून जिवाणू वाढतात आणि सूत्रकृमी त्यांच्यावर पोसतात. मुडदा दुसऱ्या कुजवणाऱ्या जंतूंच्या हाती जाऊ नये म्हणून हे जिवाणू प्रतिजैविकं सोडतात. मुंग्यांनाही तो नकोसा होतो. सूत्रकृमी आणि जिवाणू, एकाला दुसऱ्यावाचून चालत नाही.

सूत्रकृमींच्या पाकिटात जिवंत प्राणी आहेत, हे विसरलात तर पैसे मातीत जातील. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात ठेवू नका. अंतिम तारीख बघा. थोडी पूड पाण्यात कालवून बशीत घ्या आणि भिंगातून पाहा: वळवळणारे जिवंत, काडीसारखे ताठ पडलेले मेलेले. बहुतेक ताठच दिसले तर पाकीट दुकानदाराला परत करा.

जमीन ओली असल्याशिवाय टाकायचंच नाही. आपल्याकडे श्रावणात उघडीप पडली की काळ्या जमिनीला भेगा जातात, आणि कोरड्या मातीत हे जीव तग धरत नाहीत. आधी पाणी द्या, सूर्य कलल्यावर आळवणी करा, पुन्हा हलकं पाणी द्या. हलक्या, भुसभुशीत जमिनीत ते चांगले फिरतात. भारी चिकण मातीत त्यांची चाल मंदावते, तिथं द्रावण थेट मुळाशीच पडू द्या. पंपाची बारीक जाळी आणि नोझल काढून टाका, टाकी ढवळत राहा, नाहीतर सगळे तळाशी बसतात. एकरी साधारण 100 कोटी पिल्लं ही सर्वत्र वापरली जाणारी मात्रा आहे. पाकिटात किती आहेत ते वाचून हिशोब करा. सूत्रकृमीनाशक म्हणून मिळणारं दाणेदार औषध त्याच पंधरवड्यात टाकू नका, कारण ते आपल्या सूत्रकृमींनाही मारतं. गुरं आणि गांडुळं यांना मात्र या सूत्रकृमींचा धोका नाही.

शंका असेल तर ममुराबाद, पाल किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अळी डबीत घालून दाखवा. खतासोबत दुकानदारानं पुढं केलेल्या पाकिटापेक्षा तिथला सल्ला मला जास्त भरवशाचा वाटतो.

आठवड्यानं दोन-चार जागी उकरा. काळी पडून घाण वास येणारी अळी दुसऱ्याच जंतूनं मेलेली असते. आपल्या सूत्रकृमींनी मारलेली अळी विटकरी लाल, मऊ, बिनवासाची असते. गडद अंधारात डोळे सरावले की ती अगदी फिकट उजळलेली दिसू शकते, कारण हे जिवाणू प्रकाश देतात. अशी अळी सापडली की बांधावर फेकू नका. हुमणी लागलेल्या दुसऱ्या ओळीत, ओल्या मातीत चार बोटं खोल पुरा. दहा-पंधरा दिवसांत तिच्यातून लाखाच्या घरात नवी पिल्लं बाहेर पडतात.