दृश्यक्षेत्र आणि दृष्टी : स्थलवर्णनाच्या अभ्यासाचे एक साधन

दुर्गसाहित्यात आणि प्रवासवर्णनात लेखक उंच जागी उभा राहून भोवतालचा प्रदेश न्याहाळतो. अशा वर्णनांची तुलना करताना आपण शैली, भावस्थिती, संकेत यांचा विचार करतो. परंतु त्या जागेवरून मुळात काय दिसू शकते, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. आज नकाशाशास्त्रीय संगणक-प्रणालींनी तो विचारणे सुलभ केले आहे.

क्यूजीआयएससारख्या विनामूल्य प्रणालीत प्रदेशाच्या उंचीचा अंकीय नमुना घेऊन निरीक्षकाचे स्थान व डोळ्याची उंची दिली, की त्या बिंदूपासून सर्व दिशांना दृष्टिरेषा तपासल्या जातात. जेथे मधला उंचवटा आड येत नाही, तो भाग ‘दृश्यक्षेत्र’ होय. पृथ्वीच्या वक्रतेचाही हिशेब धरावा लागतो : ३० किलोमीटरवरील वस्तू तिच्यामुळे सुमारे ७० मीटर खाली जाते, वातावरणातील वक्रीभवन त्यातील साधारण सातवा हिस्सा भरून काढते.

तथापि या साधनाचा निर्वाळा अंतिम मानता येत नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’चा वाचक सह्याद्रीत गेला, तर निरभ्र दिवशी त्याला तोरण्यावरून लिंगाणा व रायगड दिसतात. पण २००० साली अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीवर आधारलेल्या नमुन्यात प्रत्येक चौकटीची बाजू सुमारे ३० मीटर असते. लिंगाण्यासारखा निमुळता सुळका अशा चौकटीत सरासरीने बुटका होतो. नमुन्याने ‘दिसत नाही’ म्हटले म्हणून लेखकाला खोटे ठरविणे हा अविचार होईल.

दिल्लीत नेमकी उलट चूक संभवते. विद्यापीठालगतच्या उत्तर रिजवरील फ्लॅगस्टाफ टॉवरमध्ये ११ मे १८५७ रोजी इंग्रज कुटुंबे आश्रयाला जमली होती. शहरातील शस्त्रागाराच्या स्फोटाचा धूर तेथून दिसला. त्या काळी ही टेकडी बरीचशी उघडी होती. आज तेथे दाट झाडी आहे आणि खाली उंच इमारती आहेत. केवळ जमिनीची उंची मोजणारा नमुना आजही शहर ‘दिसते’ असे सांगेल. तेथे उभ्या असलेल्या माणसाला मात्र पाने दिसतील. येथे नमुना वर्तमानापेक्षा १८५७ च्या साक्षीला अधिक जवळचा ठरतो.

मग अभ्यासकाला याचा उपयोग कोणता? माझ्या मते, लेखकाच्या विधानांची पडताळणी हा गौण उपयोग होय. त्याच्या मौनाचे वाचन हा प्रधान. एकाच बुरुजावरून दोन लेखकांनी दोन भिन्न वर्णने केली असतील, तर दोघांपुढे कोणता प्रदेश उपलब्ध होता हे ठरल्यावाचून त्यांनी काय वगळले ते सांगता येत नाही. एकाने किल्ले मोजले आणि पायथ्याची शेते वगळली, दुसऱ्याने शेते पाहिली आणि किल्ल्यांची नावे घेतली नाहीत. शेते व किल्ले दोन्ही दृश्यक्षेत्रात होते हे सिद्ध झाले, तरच ही वगळणूक निवड ठरते. अन्यथा ती केवळ भूगोलाची अडचण असू शकते.

मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. संगणक पहिल्याची मर्यादा आखून देतो. दुसऱ्याचा विचार संहितेपाशीच करावा लागतो, पण ती मर्यादा ठाऊक असल्यास तो अधिक जबाबदारीने करता येतो.