पाळणा लांबवा, बाळाची छाती सांभाळा



दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीच्या कामाला भिवंडी-कल्याणच्या बाजूला उतरतात. बरोबर अंगावर पिणारं मूल असतं. बाहेर भट्टीचा धूर, झोपडीत चुलीचा धूर, वर थंडी. कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत गेलात तर तिथली तऱ्हा वेगळी. एका खोलीत सहा-सात माणसं, एकाला खोकला झाला की साऱ्यांना होतो. दोन्हीकडे पहिला त्रास होतो तो घरातल्या सर्वांत लहान जिवाला.

तुम्ही म्हणाल, कुटुंब नियोजनाच्या पत्रकात खोकल्याची गोष्ट कशाला? त्याला कारण आहे.

एका घरची गोष्ट घ्या

पहिली मुलगी आठ महिन्यांची. अंगावर पिते, अंगानं बाळसेदार. अशात आईला पुन्हा दिवस जातात. सासूबाई म्हणतात, "पोटुशीचं दूध बाधतं, तोड तिला." मुलीचं दूध तुटतं. पाणी घातलेलं दूध बाटलीनं सुरू होतं. बाटली नीट उकळली जात नाही, जुलाब होतात, वजन उतरतं. थंडीत सर्दी होते आणि दोन दिवसांत ती छातीत उतरते. दवाखान्यात नेणार कोण? आईला सातवा महिना, बाप रात्रपाळीला.

पुढे काही झालं तर आपण नशिबाला बोल लावतो. पण यातली एकेक पायरी टाळता येण्यासारखी होती, नाही का?

आईचे दूध छातीला कसे राखते?

बाळ जन्मतः आजाराशी लढायला दुबळे असते. आईच्या दुधातून त्याला रोगाशी लढणारे घटक मिळतात. बाळंतपणानंतरचा पहिला पिवळसर चीक तर यासाठी फारच मोलाचा. तो पिळून टाकू नका. जन्मल्यापासून तासाभरात बाळ अंगावर घ्या. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको.

बाळाला आडवे धरून बोंडल्याने बळेबळे दूध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरण-भात, नाचणीचे घट्ट सत्त्व सुरू करा आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा.

डब्यातल्या पावडरच्या दुधाला भुलू नका. 1992 च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात करायला बंदी आहे आणि आईचे दूधच सर्वांत चांगले, हे डब्यावर छापावेच लागते.

पाठोपाठ बाळंतपण म्हणजे दोघांचे नुकसान

पोटुशीचे दूध नासत नाही, बाधतही नाही. पण ते कमी होते आणि आईच्या अंगातले रक्तही अपुरे पडते. थोरल्याचे दूध लवकर तुटते. धाकटे दिवस पुरे होण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. अशा बाळाला न्यूमोनिया लवकर गाठतो. म्हणून दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर हवे. थोरल्याला पोटभर दूध आणि धाकट्याला धडधाकट आई मिळावी, एवढाच त्याचा अर्थ.

घरातला धूर

चूल शक्यतो बाहेर किंवा खिडकीजवळ मांडा. स्वयंपाक होईतो बाळ दुसरीकडे ठेवा. बाळाला धुरी देऊ नका. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, तो वायू जीव घेतो. आणि बाप्यांनो, विडी-सिगारेट घराबाहेरच काय, सोडलीत तर अधिक बरे.

श्वास मोजायला शिका

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 मध्ये गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवले, आरोग्यसेवकांना औषध द्यायला शिकवले. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. ओळख तुम्हीही शिकू शकता. बाळ शांत असताना त्याचे पोट पूर्ण एक मिनिट पाहा, वर-खाली किती वेळा होते ते मोजा:

• दोन महिन्यांच्या आत: 60 किंवा जास्त
• दोन महिने ते एक वर्ष: 50 किंवा जास्त
• एक ते पाच वर्षे: 40 किंवा जास्त

एवढा श्वास चालत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरगडीखाली खळगा पडत असेल (यालाच पोट उडणे म्हणतात), बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळे दिसत असतील, तर घटकाभरही थांबू नका. 108 ला फोन करा. डाग देऊ नका, अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका.

न्यूमोनियावरची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या या तीन मात्रा चुकवू नका. भट्टीवर जाताना लसीचे कार्ड बरोबर ठेवा, तिथल्या आशाताईंना दाखवा.

पाळणा लांबवण्याचे उपाय

"अंगावर पाजतेय, मग दिवस कसे जातील?" असे पुष्कळजणी म्हणतात. हे तेव्हाच खरे, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, दिवसरात्र फक्त अंगावर पिते आहे आणि पाळी आलेली नाही. यातले एक जरी चुकले तरी भरवसा नाही.

• निरोध: पुरुषांनी वापरावा, दुधाशी त्याचा संबंध नाही.
• तांबी: बाळंतपणानंतर 48 तासांत किंवा सहा आठवड्यांनी. दूध कमी होत नाही.
• अंतरा इंजेक्शन: सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी.
• छाया गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाजणाऱ्या आईला चालते.
• माला-एन: पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये.
• कुटुंब पुरे झाले असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी. ती सोपी असते, ताकद जात नाही.

सरकारी दवाखान्यात हे सारे मोफत आहे. कोणता उपाय निवडायचा ते दोघांनी मिळून, नर्सबाईंना विचारून ठरवा. सासूबाईंनाही या बोलण्यात घ्या. त्यांचाही जीव नातवंडात अडकलेला असतो.

आज रात्री बाळ झोपले की नवरा-बायकोने जवळ बसून एक मिनिट त्याचा श्वास मोजा. मग दिवा मालवण्याआधी पुढचा पाळणा कधी हलवायचा, हेही एकमेकांशी बोला.