स्टिकरवरचं विंडोज आणि पेटीतलं विंडोज

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, रात्री नाटकं होतात. हँडबिलं करून देणाऱ्या आमच्यासारख्या घरगुती डीटीपीवाल्यांकडे लोक येतात आणि म्हणतात, ‘मागच्या वर्षीचंच काढा, तारीख तेवढी बदला.’ मागच्या वर्षीचं म्हणजे पेजमेकरमधलं. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हे सगळं जुन्या विंडोजवर बिनघोर चालतं, म्हणून ते विंडोज नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, करून ठेवायची वाट बरेच जण धरतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेटही थांबले, तेव्हा आता ही वेळ अनेकांवर येईल. वाट चांगली आहे. मात्र तिच्यावर काय काय अडतं ते आधी कळलेलं बरं.

माझ्या जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड एका उन्हाळ्यात गेला. हार्ड डिस्क शाबूत होती. तिची प्रतिमा काढून नव्या मशीनवरच्या व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. विंडोज ७ उघडलं, पेजमेकरही उघडलं, आणि मागोमाग अ‍ॅक्टिव्हेशनची सूचना आली. कॅबिनेटवरच्या स्टिकरची प्रॉडक्ट की टाकली, तरी ती सूचना हटेना. कारण त्या विंडोजच्या घडणीतच होतं. ब्रँडेड संगणकावरचं विंडोज ७ बहुधा मदरबोर्डच्या बायोसमधली कंपनीची खूण पाहून अ‍ॅक्टिव्हेट होतं, आणि व्हर्च्युअल मशीनच्या बायोसमध्ये ती खूण नसते. शिवाय करारच असा की हे ओईएम लायसन्स ज्या संगणकासोबत आलं त्याच्यासोबतच संपतं. संगणक भंगारात गेला की स्टिकर जपून ठेवण्यात काही अर्थ उरत नाही.

सुटका झाली ती दुसऱ्या एका लॅपटॉपसाठी वेगळ्या विकत घेतलेल्या पेटीमुळे. पेटीतलं, म्हणजे रिटेल लायसन्स एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. विंडोज ७चा करार ते थेट संगणकावर टाकण्याऐवजी त्याच संगणकातल्या एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायला परवानगी देतो. एकाच, आणि ऐवजी, हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. नव्या मशीनचं स्वतःचं विंडोज ११ या हिशेबात येत नाही. आतल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतंच. तुमच्याकडे कोणतं आहे हे जुना संगणक चालू आहे तोवरच पाहून घ्या: कमांड विंडोत एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि डी-एल-आय टाइप केलं की समोर ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असं लिहून येतं. विंडोज ७ प्रोफेशनलसोबत मिळायचा तो एक्सपी मोड, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधलं तयार विंडोज एक्सपी, हाही असाच बांधलेला. त्याचा हक्क विंडोज ७ खालीच चालवण्याचा आहे, त्याची फाइल उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही.

अडलेल्या माणसाला कोणीतरी क्रॅक किंवा दोन-तीनशे रुपयांची की देऊ करतोच. घेऊ नका. क्रॅकसोबत व्हायरस येण्याची भीती तर आहेच, पण कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३बनुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हाही गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं. आपण तर कमाईसाठीच वापरतो. याच कारणानं व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग निर्धास्त वापरा, पण वेगळं मिळणारं एक्स्टेन्शन पॅक धंद्यातल्या वापरासाठी मोफत नाही, हे ध्यानात असू द्या.

आता मशीन सांभाळण्याचं. आमगावच्या माझ्या एका मित्रानं प्रत्येक कामाआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यायची सवय लावली आणि त्यालाच बॅकअप मानलं. डिस्क भरली तेव्हा फोल्डरमध्ये जाऊन त्यातल्या मोठमोठ्या फाइली हातानं उडवल्या. मशीन पुन्हा सुरूच झालं नाही. अख्ख्या लग्नसराईच्या पत्रिका गेल्या. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत साठतात आणि ती आपल्या आधीच्या फाइलीवर उभी असते. मधली एक काढली की पुढचं सगळं निकामी होतं. काढायचाच असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच काढा. बॅकअप म्हणजे मशीन पूर्ण बंद करून अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवणं. ती प्रत ठेवण्यापुरती. दोन्ही एकदम चालवायच्या नाहीत. मशीन हलवताना नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता तोच ठेवा. व्हीएमवेअर वापरत असाल तर ‘हलवलं की कॉपी केलं’ या प्रश्नाला ‘हलवलं’ हे उत्तर द्या, नाहीतर विंडोजला हार्डवेअर बदललेलं वाटून अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा मागे लागू शकतं. वीज जाते तिथे यूपीएस हवाच. आणि आतल्या विंडोजचं इंटरनेट तोडून टाका: विंडोज ७चे नेहमीचे अपडेट १४ जानेवारी २०२०लाच थांबलेत.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. या मशीनमध्ये नवं काम करूच नका. ते जुनं काम बाहेर काढण्यासाठी आहे. एकेक फाइल उघडा, पीडीएफ करा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पुढचं काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये करा. हार्डवेअर लॉकवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर घाई करा. यूएसबीचा लॉक व्हर्च्युअल मशीनला जोडता येतो, पण प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारा लॉक लावायला आताच्या लॅपटॉपला जागाच नाही.

कन्व्हर्टरवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ही अदलाबदल चुकली की बिसेनांची वेलांटी भलतीकडे जाते; मेश्राममधला श्र तुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. पत्रिकेत आडनाव चुकलं तर ते घर दुखावतं. म्हणून जुन्या छापील प्रती फेकू नका. बदललेली फाइल समोर ठेवून त्यांच्याशी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून ताडा, आणि जमलं तर दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या.