काटा खोटा की पाणी गरम?

टेंपरेचरचा काटा नाचायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं नाव निघतं ते हेड पॅकिंगचं. माझ्या जुन्या सहाचाकीचंही तेच झालं. चिपळूणचा माल घेऊन कराडकडे निघालं की कुंभार्ली घाटात काटा एकदम लाल पट्ट्यात जायचा आणि पुढच्या वळणावर परत निम्म्यावर यायचा. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर उतरवून साफ केला. काट्यावर काही परिणाम नाही. शेवटी म्हणाला, "आता हेड खोलायलाच लागेल, भाऊ."

हेड मी खोलू दिलं नाही. एवढ्या मोठ्या इंजिनात भरपूर पाणी फिरत असतं, आणि त्याच्याभोवती लोखंडाचा गोळा. हे सगळं एका वळणात तीस अंशांनी तापत नाही की पुढच्या वळणात निवत नाही. पाणी खरंच तापत असेल तर काटा सरकत वर जातो, उतार लागला की सरकतच खाली येतो. तो उडी मारत असेल तर आधी वायर बघायची, इंजिन नंतर. याला एक अपवाद आहे आणि तो महागात पडणारा आहे, त्याच्याकडे येतोच.

पण अंदाजावर घाट चढता येत नाही, म्हणून आधी खरं तापमान मोजायचं. लेझरचा ठिपका पाडून तापमान सांगणारी वर्कशॉपची गन मिळते, ती घ्या. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायचे ती चालत नाही. ती माणसासाठी असते, इंजिनापुढे तिचा आकडा संपतो. आणखी एक, चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन कमी आकडा दाखवते. थर्मोस्टॅटच्या घरावर, बल्बच्या (म्हणजे पाण्याचं तापमान काट्याला कळवणाऱ्या सेन्सरच्या) जवळ, काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. मी घाटातल्या एका रुंद जागेवर गाडी बाजूला घेतली. काटा लाल पट्ट्यात, गनवर 86. इंजिनाची बाजू तिथेच मिटली.

राहिलं वायरिंग. ते सापडलं रात्री, आणि तेही दिव्यांमुळे. हेडलाइट लावल्या की काटा थोडा सरकायचा. इंडिकेटर दिला तर काटा त्याच्याच ठेक्यावर टिकटिक हलायला लागला आणि शेजारचा डिझेलचा काटाही त्याच्याबरोबर. दोन काटे एकत्र हलतात तेव्हा बिघाड दोघांच्या सामाईक जागेत असतो, म्हणजे मीटरच्या सप्लायमध्ये नाहीतर अर्थमध्ये. वायरमनने मीटरचा डबा बाहेर ओढला. मागे अर्थची काळी वायर बॉडीच्या स्क्रूखाली होती, थिंबलवर हिरवा गंज चढलेला, तारेचे दोन-चार धागेच काय ते शिल्लक. कोकणातली हवा तांब्याला असंच खाते. थिंबल कापून नवं लावलं, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, स्क्रू आवळला. काटा गप्प.

तुमच्या गाडीत फक्त टेंपरेचरचाच काटा उडत असेल तर बल्बपासून सुरुवात करा. चावी ऑन करून बल्बची वायर काढा आणि क्षणभर इंजिनाच्या बॉडीला टेकवा. बहुतेक जुन्या गाड्यांत वायर मोकळी असताना काटा थंडवर पडतो आणि टेकवली की पूर्ण गरमवर जातो. दोन्ही टोकांना नीट जात असेल तर मीटर आणि वायर ठीक, दोष बल्बमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. वायर हातात धरून हलवताना काटा उडाला तर ती कुठेतरी क्लॅम्पवर घासून उघडी पडलेली आहे. एका वायरचा बल्ब आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो, त्यामुळे गळती थांबवायला कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले की अर्थ कमजोर होतो आणि गाडी तापूनही काटा खालीच राहतो. इंजिन ते चासी जाणारी अर्थची पट्टीही बघा. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावायचं, 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा.

आता तो अपवाद. वर जाणाऱ्या काट्याला सगळे घाबरतात, मी जास्त घाबरतो चढावर अचानक खाली पडणाऱ्या काट्याला. बल्ब पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. होज पाइप फुटून पाणी गेलं की बल्ब कोरडा पडतो आणि काटा निवांत खाली येतो. आमच्याच स्टँडवरच्या एका गाडीचं असं झालं. ड्रायव्हरला वाटलं गाडी थंड झाली, तो चढत राहिला. इंजिन जॅम झाल्यावरच गाडी थांबली. पाणी कमी असून वाफ फिरत असली तरी काटा वर-खाली उड्या मारतो आणि वायरच्या बिघाडासारखाच दिसतो. म्हणून वायरिंगला हात लावायच्या आधी, थंड गाडीत, पाणी बघायचं.

थंड गाडीत हे मुद्दाम लिहितो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. नुसता अर्धा बार दाब असला तरी आतलं पाणी 110 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

पुढे एका सीझनला काटा पुन्हा वर जायला लागला, पण या वेळी सरकत. गनवरचा आकडाही त्याच्याबरोबर चढत होता. ऊस ओढून ओढून रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ घट्ट बसली होती. मागून पुढे, पंख्याच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला आणि काम झालं. पुढून जोरात मारला तर कचरा आणखी आत बसतो, पत्तीही वाकते.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्या. आटे जुळले म्हणजे बल्ब जुळला असं नाही. दुसऱ्या मीटरचा बल्ब बसवला तर काटा नाचत नाही, पण कायम दहा-पंधरा अंश खोटं बोलतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मी बल्ब बदलला की गनवर 85 दिसताना काटा जिथे असतो तिथे मीटरच्या काचेवर मार्करने बारीक रेघ मारतो. बदली ड्रायव्हर आला तर त्याला चावीबरोबर ती रेघ दाखवतो.