नवतपा येण्याआधी

ठाणे, १२ मार्च

चि. निखिल,


टाकीचा फोटो पाहिला. २०० लिटरची टाकी, दगडांवर जांभळा थर धरायला लागलाय, मशरूम प्रवाळं पूर्ण उघडलीत. मन लावून केलंस हे दिसतं. पण दुकानदाराच्या सांगण्यावरून पाणी थंड करणारा चिलर घ्यायला निघाला आहेस, ते तूर्त थांबव. त्याआधी करण्यासारखं बरंच काही आहे आणि ते फार थोड्या पैशांत होतं.

तू लिहितोस की माझ्याकडे मे महिन्यात साधारण ३४-३५ अंश, तुमच्याकडे ४५, तेव्हा तुमचं कठीण. टाकीच्या बाबतीत हे उलट आहे. पंख्याने पाणी थंड होतं ते वाफ उडाल्यामुळे आणि वाफ किती उडेल हे हवेतल्या ओलीवर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धर. पारा जिथे थांबेल त्याच्याखाली कोणताही पंखा पाणी नेऊ शकत नाही. इथे मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की तो आकडा २७-२८ वरच अडकतो. तुमच्याकडे ४३ अंशांच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल तर तोच पारा २५ च्या आसपास उतरतो. तुमच्याकडचा माठ भर उन्हाळ्यात गार असतो आणि आमच्याकडचा कोमट, त्यामागे हेच कारण. म्हणून माझ्या टाकीसाठी मला एसी लावावा लागतो. तुला बहुतेक लागणार नाही.

मात्र पंखा लावण्याआधी टाकीत उष्णता येते कुठून ते बघ. पाण्यात बुडलेला पंप जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. तुझा ५० वॉटचा पंप दिवसभरात सव्वा युनिट वीज घेतो. ती उष्णता बाहेरच पडली नाही, तर २०० लिटर पाणी एका दिवसात ५ अंशांनी तापेल. त्याऐवजी २० वॉटचा डीसी पंप घे. पहिला मोठा खर्च करायचा तो इथे, कारण पाणीही थंड राहतं आणि बिलही उतरतं. दिवे दुपारी लावू नकोस. संध्याकाळी ५ ते रात्री १ लाव. प्रवाळाला आठ तास उजेड मिळाला की तो कोणत्या आठ तासांत मिळाला याने फरक पडत नाही आणि संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तुलाही टाकी बघायला मिळेल. पश्चिमेच्या भिंतीला टाकी चिकटवली आहेस, ती सरकव. मागच्या काचेला आणि खाली थर्माकोल लाव. हीटर उन्हाळ्याभर प्लगमधून काढूनच ठेव. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर एका रात्रीत सगळं संपतं. तो डिसेंबरात हवा.

आता पंखा. संगणकाला असतो तसला १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा घे, दोन असले तर उत्तम. काचेचं झाकण काढून त्या जागी बारीक जाळी बसव, नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतात. पंखा काठावर तिरका बसव, वारा पाण्यावरून सरपटत गेला पाहिजे. बरोबर बसला की पृष्ठभागावर बारीक लहरी उठतात आणि पलीकडच्या काचेच्या कडेला हात धरला तर दमट हवा लागते. खाली संप म्हणजे गाळणीची जोडटाकी असेल तर एक पंखा तिथे लाव आणि कपाटाचं दार उघडं ठेव, कोंडलेल्या दमट हवेत पंखा फिरून उपयोग नाही. पात्यांवर मीठ साचतं, ते ओल्या फडक्याने पुसत जा. साधा तापमान नियंत्रक मिळतो, त्याच्यावर २६.५ ला पंखा सुरू आणि २६ ला बंद असं ठेव.

१ लिटर पाणी उडालं की तुझ्या टाकीतून ३ अंशांइतकी उष्णता निघून जाते. उलट १ लिटर बर्फाची बाटली टाकीत सोडलीस तर जेमतेम अर्धा अंश. त्यातही बाटलीने तापमान एकदम खाली येतं आणि तासाभरात पुन्हा चढतं. हे खाली-वर होणं प्रवाळाला स्थिर २७.५ पेक्षा जास्त जाचतं. बाटल्या फ्रीजरमध्ये असू दे, पण अडचणीच्या दिवसासाठी.

पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. भर मे महिन्यात रोज ४-५ लिटर पाणी कमी होईल. ते फक्त आरओच्या साध्या पाण्याने भरायचं, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. एकदम बादलीभर ओतू नकोस, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घाल. जमलं तर आपोआप पाणी भरणारा फ्लोट बसव.

आणि कूलर. खोलीत कूलर चालू असला तर चांगलंच, पण खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन टाकीवरचा पंखा निकामी होतो. कूलरच्या पाण्यात डासांसाठी रॉकेल किंवा औषध टाकण्याची घरोघरी सवय असते. त्या खोलीत हे अजिबात नको. ताईलाही सांगून ठेव, कारण कूलर भरते ती.

लाइट गेली की पाणी तापायला वेळ लागतो, पण प्राणवायू लवकर घटतो. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेव. इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप, मग पंखा. दिवे नाहीत.

खरी कसोटी मे अखेरच्या नवतप्यात नाही, जुलै-ऑगस्टात आहे. पावसाने हवा दमट झाली, की उघडीप मिळालेल्या दिवशी पंखा अपुरा पडतो. तेव्हा पाणी २८ वर गेलं तर घाबरू नकोस. लक्षद्वीपच्या समुद्रात २८-२९ अंश नेहमीचेच. पण प्रवाळ आपल्या सोसण्याच्या काठावरच जगतो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंश जास्त आणि तेही काही आठवडे, एवढ्याने तो आपल्या पेशींत राहणारं, त्याला अन्न पुरवणारं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपला हेच झालं. म्हणून पहिली दोन वर्षं मशरूम, झोआंथिड, लेदर असली सोशिक मऊ प्रवाळंच ठेव. ॲक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळाचा मोह नको. आणि मालवणला गेलास तर समुद्रातून काही उचलून आणू नकोस. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत; कायदा नसता तरी माझं सांगणं हेच असतं.

एवढं सगळं करूनही ऑगस्टात पाणी आठवडाभर २९ च्या वर राहिलं, तर चिलर घे, मी अर्धे पैसे देईन. मात्र तो खोलीबाहेर, गॅलरीत ठेवायचा, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो असेल तिथेच सोडतो.

सध्या एवढंच कर: दोन वेगळे थर्मामीटर टाकीत ठेव, ते जुळतात का बघ आणि १ एप्रिलपासून रोज पहाटे ६ आणि दुपारी ४ चं तापमान वहीत लिही. पंधरा दिवसांनी त्या पानांचा फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी